आज कुठला देश?

लांबण लावणार आहे, आधीच सांगतो. ज्यांना फक्त रेसिपी हवी आहे त्यांनी खालचा टोमॅटो-अंड्याचा परिच्छेद वाचून पुढं जावं, राग नाही.

आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. हौस म्हणून नाही, कामांच्या वाटणीत आला म्हणून. हौस नंतर लागली आणि तिथंच घोळ झाला. रोज तेच तेच करून कंटाळलो होतो, म्हणून जगभरचे पदार्थ घरी करायचे असं ठरवलं. पहिलं वर्षभर मी जे काही केलं त्याला स्वयंपाक म्हणणं धाडसाचं आहे. रविवारी सकाळपासून ओटा अडवायचा, अठरा जिन्नस मांडायचे, दुपारी तीनला सगळ्यांना जेवायला घालायचं आणि मग भांड्यांच्या ढिगाकडे बघत बसायचं. सोमवारी परत मूळ पदावर. एकदा आवराआवर करताना फ्रिजच्या दारात अकरा बाटल्या सापडल्या. प्रत्येकीतला जेमतेम चमचाभर ऐवज वापरलेला. एका ऑयस्टर सॉसचं झाकण तर साखर धरून असं घट्ट बसलं होतं की पक्कड लावावी लागली, आणि उघडल्यावर ते कशासाठी आणलं होतं हे आठवेना.

खूप उशिरा डोक्यात प्रकाश पडला. मी प्रत्येक देशाचा रविवार उचलून आणत होतो.

पाएया हा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाकडचा भाताचा पदार्थ, रविवारी दुपारी गणगोत जमलं की करायचा. ब्राझीलची फेजोआदा, म्हणजे काळा घेवडा आणि डुकराचं मांस, तासन्‌तास शिजते आणि खाल्ल्यावर माणूस आडवा होतो, म्हणून ती शनिवारी दुपारी. रोजच्या ताटात तिथं साधा भात आणि लसणावर परतून शिजवलेला घेवडा असतो. जपानी घरात कुणी रोज संध्याकाळी सुशी वळत बसत नाही. भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, एखादी भाजी, नाहीतर ओयाकोदोन. 'ओया' म्हणजे आईबाप, 'को' म्हणजे लेकरू. कोंबडी आणि अंडं एकाच वाडग्यात, भातावर. नावातला विनोद जरा क्रूर आहे, पण वीस मिनिटांत होतो.

आपण ज्याला एखाद्या देशाचं खाणं समजतो ते बहुतेक वेळा तिथलं सणाचं नाहीतर हॉटेलातलं खाणं असतं. फोटो त्याचेच निघतात. पण दमून घरी आलेला, उद्याचा डबा डोक्यात असलेला, भुकेल्या पोरांना 'पाचच मिनिटं' म्हणून थोपवणारा माणूस त्या देशात मंगळवारी रात्री आठ वाजता काय शिजवतो? हा प्रश्न विचारायला लागलो आणि माझं काम एकदम सोपं झालं. कारण उत्तर जवळपास सगळीकडून एकाच वळणाचं येतं. एक भांडं, पाच-सहा जिन्नस, अर्धा-पाऊण तास, आणि त्यातलंही निम्मं आपोआप शिजणारं. थायलंडमध्ये तर पाड क्रापाव नावाचा पदार्थ आहे. खिमा, मिरची, लसूण, वरून तुळशीच्या जातीची पानं, भातावर तळलेलं अंडं. काय खावं हे सुचेनासं झालं की लोक हेच मागवतात, म्हणून त्याला चेष्टेनं विचार संपलेल्या माणसाचा पदार्थ म्हणतात. इतकं प्रामाणिक नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता तो टोमॅटो-अंड्याचा परिच्छेद. चीनमध्ये घरोघरी होणारा आणि कित्येक पोरांना आयुष्यात पहिल्यांदा जमणारा पदार्थ म्हणजे टोमॅटोत परतलेली अंडी. चार अंडी चिमूटभर मीठ घालून फेटायची. कढई चांगली तापवायची, तेलाला हात आखडता घ्यायचा नाही, आणि अंडी ओतायची. ती कडेनं फुगून वर येतात. मध्ये अजून ओलसर, थुलथुलीत आहेत तोवरच काढून ताटलीत घ्यायची. सगळी खोच इथंच आहे. आपला हात शिजेपर्यंत थांबतो, इथं थांबायचं नाही. त्याच कढईत पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मोठाले चिरलेले टोमॅटो, मीठ आणि अर्धा-एक चमचा साखर. टोमॅटो निम्मे विरघळले, निम्म्यांच्या फोडी राहिल्या आणि रस बुडबुडायला लागला की अंडी परत आत. अर्धं मिनिट, वरून हिरवी पात, झालं. अंड्याच्या घड्या रस पितात आणि उरलेला रस भातात झिरपतो. साखर घालावी की नाही यावर तिथंही दोन तट आहेत. मी घालतो.

पहिल्या वेळी मी काय केलं, तर अंडी नीट शिजवली, आणि मग सावधगिरी म्हणून टोमॅटोतही पाच मिनिटं ठेवली. मुलीनं एक तुकडा काट्यानं उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, "बाबा, हा स्पंज कुठल्या देशाचा?" तेव्हापासून रोज संध्याकाळी दारातूनच विचारणा होते, आज कुठला देश?

टोमॅटो आणि अंडं ही जोडी एकदा ओळखीची झाली की जगभर भेटत राहते. ट्युनिशियात शक्शुका, तुर्कस्तानात मेनेमेन, मेक्सिकोत वेवोस रांचेरोस, हंगेरीत लेचोवर, म्हणजे ढोबळी मिरची-टोमॅटोच्या रश्श्यावर, फोडलेलं अंडं. पैकी मेनेमेनवरून तुर्की लोक किती भांडतात बघा. त्यात कांदा घालावा की नाही यावर २०१८ मध्ये तिथल्या एका खाद्यसमीक्षकानं ट्विटरवर कौल घेतला, चार लाखांवर मतं पडली आणि कांदेवाले ५१ टक्क्यांनी निसटते जिंकले. स्पेनमध्ये बटाट्याच्या ऑम्लेटवरून हुबेहूब हाच वाद आहे, तोही कांद्यावरूनच. रोजच्या पदार्थाची खूण मला तरी हीच वाटते. ज्याच्यावरून घरात भांडता येतं तो रोजचा. पाएयावरून व्हॅलेन्सियावाले जगाशी भांडतात, ती गोष्ट वेगळी.

या शोधात मला सगळ्यात जास्त मजा कशात आली असेल तर वारांत. रोजच्या स्वयंपाकातलं खरं कष्टाचं काम चिरणं-परतणं नाहीच, 'आज काय करायचं' हे ठरवणं हेच आहे. हे कोडं जगानं कधीच सोडवून ठेवलंय. रोममध्ये गुरुवारी न्योकी, शुक्रवारी मासे. बटाट्याच्या त्या जड गोळ्यांनी शुक्रवारच्या हलक्या जेवणाआधी पोट भरून घ्यायचं. स्वीडनमध्ये गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि मागोमाग पॅनकेक, घरात नाही तर शाळेत आणि सैन्यातही. जपानच्या नौदलात शुक्रवारी करी-भात. समुद्रावर सगळे दिवस सारखेच, निदान जेवणावरून तरी वार कळावा म्हणून, असं सांगतात. अर्जेंटिनात तर वार नाही, तारीख. महिन्याच्या २९ तारखेला न्योकी, कारण तोवर पगार संपलेला असतो आणि घरात बटाटे आणि पीठ एवढंच उरलेलं असतं. ताटाखाली एक नोट ठेवायची, पुढचा महिना बरा जावा म्हणून. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य, शिवाय वर्षातले मोठे उपास वेगळे. त्यामुळं डाळी-कडधान्यांचे इतके पदार्थ त्यांच्याकडे तयार झाले की शाकाहारी माणसानं आधी तिकडंच वळावं.

आणि अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सचा सोमवार. सोमवार हा धुण्याचा दिवस. बाई दिवसभर कपड्यांत अडकलेली, चुलीपाशी उभं राहायला वेळ नाही. म्हणून रविवारच्या जेवणातलं मांसाचं हाड आणि भिजवलेला राजमा एका भांड्यात टाकून मंद आचेवर सोडून द्यायचा. धुणं संपेपर्यंत जेवण तयार. तिथला जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली सही करताना 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' असं लिहायचा, इतका हा पदार्थ तिथल्या माणसांच्या अंगात मुरलेला. अमक्या देशाची संस्कृती वगैरे ऐकलं की मला जांभई येते. पण हा राजमा-भात धुण्यामुळं सोमवारी आला म्हटल्यावर मी ताठ बसलो. हे मला कळतं. माझ्याही घरात धुणं आहे.

मग आम्हीही वार ठरवले. सात दिवसांना सात देश नव्हे, तो हट्ट महिन्याभरात मोडतो, करून बघितलाय. आठवड्यातले तीनच वार बाहेरचे, बाकी नेहमीचं. आणि जो पदार्थ घेतला तो निदान दहा वेळा करायचा. पहिल्या वेळी मोबाईल ओट्यावर असतो, तिसऱ्या वेळी प्रमाण पाठ होतं, सहाव्या वेळी वासावरून कळतं, आणि दहाव्या वेळी त्यातला एखादा जिन्नस घरात नसेल तरी हात थांबत नाही. तोवर तो पदार्थ परका राहत नाही. दर आठवड्याला नवा देश करणाऱ्यांना हे सुख मिळत नाही, असं माझं मत आहे, आणि मी स्वतः वर्षभर त्यांच्यातलाच होतो म्हणून बोलायचा हक्क आहे.

दहा-दहा वेळा करताना आणखी एक गोष्ट हाताला कळते. पदार्थाचं गाव त्याच्या पहिल्या पाच मिनिटांत असतं, कांदा कढईत कसा पडतो त्यात. इटलीत कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात घाई न करता, रंग न येऊ देता मऊ करतात. लुईझियानात गाजर जातं आणि ढोबळी मिरची येते. चिनी कढईत आलं, लसूण, पात पंधरा सेकंद, वास सुटला की पुढं. पश्चिम आफ्रिकेतल्या जोलोफ भाताला टोमॅटो, लाल ढोबळी, तिखट मिरची आणि कांदा वाटून तेल सुटेपर्यंत आटवतात. हंगेरियन माणूस कांदा परतून भांडं आचेवरून खाली घेतो आणि मगच पाप्रिका, म्हणजे तिथली लाल मिरचीची पूड, घालतो, कारण पाप्रिकेत साखर असते, ती क्षणात जळते आणि सगळं कडू होतं. इथिओपियात सगळ्यांच्या उलट. ढीगभर कांदा आधी तेलाशिवाय, कोरडाच, भांड्यात ढवळत राहायचा. पाणी सुटतं, आटतं, कांदा विरघळून लगदा होतो आणि मग कुठं तूप-तेल आणि बेर्बेरे मसाला. त्या रस्स्याला जो दाटपणा येतो तो दुसऱ्या कशानं येत नाही. सोबतचा इंजेरा, म्हणजे तिकडची आंबवलेली मोठी पोळी, मात्र मी सोडून दिला. टेफ या तिथल्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवायचं, मोठ्या तव्यावर पसरायचं. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तव्याला चिकटला. आम्ही तो रस्सा भाताबरोबर खातो. हरभऱ्याच्या पिठाचं शिरो तर वीस मिनिटांत होतं आणि भातावर झकास लागतं.

कांद्याचा विषय निघालाच आहे तर मुजद्दरा. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन, सगळीकडचा गरिबाचा पदार्थ. अख्खा मसूर, तांदूळ आणि कांदा, बस. अरबीत नावाचा अर्थ देवीचे व्रण असलेला. पांढऱ्या भातात काळपट मसूर तसे दिसतात म्हणून. बगदादमध्ये १२२६ साली लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकात तो सापडतो, फक्त तिथं त्यात मांसही आहे. म्हणजे मंगळवारी रात्री आपण आठशे वर्षांपूर्वीचं जेवण करतो आणि वर मुलं विचारतात, "एवढंच?"

सगळा खेळ वरच्या कांद्याचा. चार मोठे कांदे उभे, पातळ चिरायचे, भरपूर तेलात मध्यम आचेवर टाकायचे आणि चाळीस मिनिटं काढायची तयारी ठेवायची. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, नुसता ओला चुरचुराट. मग कांदा पारदर्शक होतो, मग पिवळसर, मग बराच वेळ तिथंच रेंगाळतो आणि आपण कंटाळून आच वाढवतो. चूक. मग सोनेरी, मग तांबूस, आणि तिथून गडद तपकिरी व्हायला दोनच मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत दारावरची बेल वाजली की खेळ खलास. शिजायची वेळ दोघांची वेगळी, म्हणून मसूर अर्धा शिजला की तांदूळ त्यातच घालायचे, आणि कांद्याचं ते गोडसर तेल थोडं भातातही ओतायचं. बरोबर दही.

आईला पहिल्यांदा वाढलं तेव्हा तिनं वरचा कांदा बाजूला सारला आणि म्हणाली, "बाकी छान झालंय रे, कांदा तेवढा करपवलास." मी समजावलं की तो असाच असतो. ती म्हणाली, "असू दे, होतं असं." आता ती स्वतःहून विचारते की तो करपलेल्या कांद्याचा भात कधी आहे. नाव अजून घेत नाही.

आता 'अस्सल' या शब्दाविषयी, कारण खाली कुणीतरी लिहिणारच. मी अस्सलपणाचा विरोधक नाही, पण तो कशात शोधायचा हे ठरवायला हवं. कार्बोनारा या अंडं-चीजच्या पास्त्याचंच घ्या. त्यात लसूण दिसला की इटालियन माणसं खवळतात, आणि इटलीतल्या मासिकात ती कृती १९५४ मध्ये पहिल्यांदा छापली तेव्हा तिच्यात लसूणही होता आणि स्वित्झर्लंडचं ग्रुयेर चीजही. चार पिढ्यांपूर्वी जो पदार्थ कुणाला माहीत नव्हता त्याच्या शुद्धतेवरून मारामारी मला झेपत नाही. जिन्नस बदलतात, कायमच बदलत आलेत. टोमॅटो आणि मिरची हीच मुळात अमेरिका खंडातली, ती १४९२ नंतर समुद्र ओलांडून निघाली. त्याआधी ट्युनिशियात शक्शुका नव्हतं आणि हंगेरीत पाप्रिका नव्हती.

रीत मात्र सोडू नये. मक्याची गोष्ट फार बोलकी आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली माणसं मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, तसाच भिजत ठेवतात, धुतात आणि मग दळतात. युरोपियनांनी मका नेला, रीत तिथंच ठेवली. दिसायला बिनकामाची वाटली असणार. चुन्याच्या पाण्यामुळं मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. नुसत्या मक्यावर जगणारी उत्तर इटलीतली गरीब माणसं पेलाग्रा या नायसिनच्या कमतरतेच्या रोगानं आजारी पडत गेली, पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातही हजारोंनी मेली. म्हणून मी घरात नियम ठेवलाय, सामान बदललं तरी चालेल, पायरी गाळायची नाही. अंडी अर्धवट असतानाच काढायची म्हटलं की काढायची. पास्त्याचं पाणी ओतून द्यायचं नाही म्हटलं की नाही. त्या गढूळ पाण्यातल्या स्टार्चमुळंच लसूण-तेल पास्त्याला धरून राहतं, नाहीतर तेल ताटाच्या तळाशी आणि पास्ता कोरडा.

बाटल्यांचं सांगायचं राहिलं. आता तीन वेगवेगळ्या पदार्थांत जाणार असेल तरच बाटली घरात येते. सोया सॉस राहिला, कारण तो चिनी कढईत जातो, ओयाकोदोनमध्ये जातो आणि फिलिपिनो अडोबोतही. अडोबो करून बघाच. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र आणि कोंबडी, सगळं एकदम भांड्यात आणि मंद आच. फ्रिज नव्हते तेव्हा व्हिनेगरमुळंच तो टिकायचा, आणि आजही दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. इंडोनेशियाच्या नासी गोरेंगला, म्हणजे परतलेल्या भाताला, गोड सोया सॉस लागतो, त्यासाठी वेगळी बाटली नको. साध्या सोया सॉसमध्ये ताडगूळ विरघळवून आटवला की काम भागतं, कारण मूळचा सॉसही ताडगुळाचाच असतो. मिसो ठेवला. बाकीच्या नऊ बाटल्यांना निरोप दिला.

नासी गोरेंग काय, कोस्टा रिका आणि निकाराग्वाचा गायो पिंतो काय, दोन्ही मुळात कालच्या भाताची सोय. गायो पिंतो म्हणजे ठिपक्यांचा कोंबडा, आत कोंबडा नाही, काल रात्रीचा भात आणि घेवडा परतून सकाळच्या नाश्त्याला. गार भात मोकळा होतो म्हणून परतायला बरा. पण इथं एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा परतल्यानं जात नाही. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये. राजमाही तसाच, रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकायचं आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर जायचं नाही. कच्चट राजम्यानं पोट असं बिघडतं की माणूस देश काय, स्वतःचं नाव विसरतो. हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये, एवढंच म्हणतो.

आज सोमवार. काल रात्री भिजवलेला राजमा सकाळी उकळून ठेवला होता, आत्ता कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरचीवर पडलाय. मांसाचं हाड नाही, त्याऐवजी धुराच्या वासाची पाप्रिका, भांडं खाली घेऊन. थोडा राजमा भांड्याच्या कडेला पळीनं चेचला की रस दाट होतो, तेवढं करून मी हे लिहायला बसलोय. आतल्या खोलीत वॉशिंग मशीन गरगरतंय.

मुलगी आत्ताच आली, दप्तर टाकलं, नाक वर करून वास घेतला. "बाबा, आज कुठला देश?"

"सोमवार."

"म्हणजे परत राजमा," म्हणाली, आणि मशीनमधून कपडे काढायला गेली.